सहा अवरेकाळू आणि माझं दुसरं प्रमेय

आई,

आज आमच्या कॉलेजात पदवीच्या मुलांची संशोधन स्पर्धा झाली आणि मी परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. विषय माझा जुनाच, संगणकशास्त्राची ती बाजू, जिथे यंत्राला फारसं कुणी हात लावत नाही आणि सगळं कागदावर सिद्ध करावं लागतं. एक मुलगी फार छान बोलली. मी तिला विचारलं, ही मधली युक्ती तुला कशी सुचली? ती म्हणाली, "मला नाही सुचली मॅडम, माझ्या रूममेटला सुचली. ती कॉमर्सला आहे." मागे दोघंतिघं हसले. ती हसली नाही. मी तिचे गुण भरले, घरी आले, आणि जेवणाआधीच तुला लिहायला बसले.

तुला तो रविवार आठवत असेल. गुरुवारी माझी स्पर्धा होती, इथेच, म्हैसुरात. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत होतीस, एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा, ते तुझं थंडीतलं आवडतं काम. मी दारात उभी राहून भाषणाचा सराव करत होते. तू म्हणालीस, "असं नको. इंग्लिश शब्द न घालता सांग, मला समजलं पाहिजे." नंजनगूडच्या कन्नड शाळेत आठवीला गणित शिकवणारी तू, तुला न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. अडचण माझी होती. माझं मराठी तेव्हा घरापुरतं होतं, पुण्यातल्या नोकरीत ते सुधारलं. तरी मी धडपडत सांगितलं. काही ठिपके आहेत, त्यांना जोडणाऱ्या रेघा आहेत. प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचा, पण रेघेनं जोडलेल्या दोघांना एकच रंग चालणार नाही. रंग कमीत कमी लागले पाहिजेत. माझी पद्धत अशी, की ज्याला जास्त रेघा त्याला आधी रंगवायचं. आणि एका ठरावीक प्रकारच्या जाळ्यात ही पद्धत कधीच जास्तीचा रंग वापरत नाही, हे माझं दुसरं प्रमेय. सगळी भिस्त त्याच्यावर होती.

"सरी, बरं," तू म्हणालीस. "दोघांना सारख्याच रेघा असल्या तर आधी कोण?"

"कुणीही. त्यानं काही फरक पडत नाही."

"का पडत नाही?"

मी म्हणाले, ते उघडच आहे. तू मान वर केली नाहीस. सोललेले सहा दाणे फरशीवर एका ओळीत मांडलेस आणि त्यांच्या मधून बोटानं ओल्या रेघा ओढल्यास. टोकाच्या दोघांना एकेक रेघ, मधल्या चौघांना दोन दोन. मग मिसळणाच्या डब्यातून हळद घेऊन दुसऱ्या दाण्याला लावलीस, आणि लगेच पाचव्यालाही. "चालतं ना, अल्वा? दोघं सारखेच, शेजारी पण नाहीत." चालत होतं. तिसऱ्याला तू तिखट लावलंस. चौथ्यावर तुझं बोट थांबलं. त्याच्या एका बाजूला तिखट, एका बाजूला हळद. "आता ह्याला काय लावू?"

मी त्या दाण्याकडे बघत उभी होते. मधले चौघे ओळीनं घेतले असते तर दोनच रंग पुरले असते. कॉलेजच्या लॅबमध्ये माझा प्रोग्रॅम नेहमी लहान क्रमांकाचा ठिपका आधी घ्यायचा आणि क्रमांक मी ओळीनंच दिले होते, म्हणून चार महिन्यांत ही वेळ आलीच नव्हती. सहा दाणे पुरेसे होते, आणि मी शंभर शंभर ठिपक्यांची जाळी तपासत बसले होते. पहिल्या नंबराला उन्हाळ्यात एका मोठ्या संशोधन संस्थेत जायला मिळणार होतं आणि मला तिथेच जायचं होतं. मी म्हणाले, "आमच्या सरांना पण हे दिसलं नाही. परीक्षकांना वीस मिनिटांत काय दिसणार?"

तुझा हात थांबला. "माझ्या वर्गातली मुलगी असं बोलली असती तर तिला बाहेर उभी केली असती. तू घरातली, तुला जेवायला वाढते. पण हे तुला दिसलंय. त्यांनी विचारायच्या आधी तू सांगायचं." आणि पुन्हा सोलायला लागलीस. मी रागानं ताट बाजूला सारलं, मग भूक लागली तेव्हा मुकाट्यानं जेवले.

पुढचे तीन दिवस मी कॉलेजच्या लायब्ररीत घालवले. बरोबरी झाली तर आधीच रंगवलेल्याच्या शेजारच्याला घ्यायचं, असा नियम घातला की प्रमेय उभं राहत होतं, थोडं लहान होऊन, पण घट्ट. गुरुवारी तुझ्या शाळेत परीक्षा होती, तू सकाळच्या गाडीनं गेलीस. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा हेच म्हणाले, की मी पाठवलेल्या निबंधातलं दुसरं प्रमेय चुकीचं आहे. मग सहा ठिपके काढले. मला अजिबात भीती वाटली नाही, आई. तितकी शांत मी त्याआधी कधी नव्हते. पहिला नंबर दुसऱ्यांना गेला, तो त्यांचाच होता, त्यांचं काम मोठं होतं. पण पांढऱ्या केसांचे एक परीक्षक चहाच्या वेळी माझ्याजवळ आले. इतकं लहान उदाहरण सापडणं सोपं नसतं, म्हणाले, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे दोन महिने यायला सांगितलं. मी गेले. तिथून पुढचं सगळं तुला माहीत आहे, पीएचडी, पुणे, परत म्हैसूर, आणि आता गोकुलममधलं हे घर, जिथे तू जाण्याआधी तीनच वर्षं राहिलीस.

चांगलं आयुष्य झालं, आणि ते मी मेहनतीनं केलं, ह्याबद्दल मला शंका नाही. नियम मी शोधला, सिद्धताही माझीच. त्या गुरुवारी संध्याकाळी तू घरी आल्यावर विचारलंस, "काय काय विचारलं त्यांनी?" मी म्हणाले, "फार काही नाही." तू प्रमाणपत्राला प्लास्टिक घालून आणलंस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलीस, हिनं आपली चूक आपणच शोधली.

त्या परीक्षकांनी चहाचा कप हातात धरून मला एकच गोष्ट विचारली होती, हे उदाहरण कुणी शोधलं. मी म्हणाले, मी. आणि हे कागदावर कबूल करणंही मला सोपं जात नाहीये, की ते म्हणताना मी जरासुद्धा अडखळले नाही.