लेकीच्या हातचं मीठ

बा,

आज दुपारपासून पूर्वेचं वारं सुटलंय आणि माझं डोकं पुन्हा तुझ्यावर तापलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे वारं अंगाला लागलं की मी तुझ्याशी भांडायला बसते. लिहायला उशिरा शिकले, म्हणून आता भांडण कागदावर.

तुला वारं कळत होतं ना? पूर्णेकाठच्या आपल्या खाऱ्या विहिरीचं पाणी मोटेनं काढून वाफ्यांत सोडायचं, आणि पुढची सगळी सत्ता उन्हाची. कोरडं वारं वाहिलं की मीठ लवकर धरतं, आभाळ आलं की रेंगाळतं, आणि पाऊस आला तर सगळंच गेलं, हे तूच मला बांधावर बसवून शिकवलंस. कोकणातला एक व्यापारी समुद्राच्या मिठाची बढाई मारत होता, तेव्हा तू त्याला म्हणालास, "तुमाले भरती घरपोच पाणी आणून देते. पण खवळला समुद्र तं बांधासकट घेऊन जाते. आमची ईर कदी खवळली का?" विहीर नाहीच खवळली, बा. तू आभाळाला विसरलास.

हंगामाचं पहिलं मीठ घरच्या लेकीनं उचलून देवापुढं ठेवायचं, तोवर कोणी वाफ्याला हात लावायचा नाही, ही आपल्या घरची रीत. माझं लग्न झालं तरी तू ती सोडली नाहीस. वाफे पिकले की भातकुलीला माझ्या सासरी निरोप यायचा आणि मी माहेरी यायची. त्या वर्षी मात्र परमुलखात कुठंशी लढाई लागलेली, कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि सासरची झाडून सगळी माणसं वेचणीला. तुझा निरोप ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कापूस का तुह्या बापाच्या मिठासाठी थांबन? बोंडं फुटून खाली पडून राहिली." मी रडले, भांडले, आणि शेवटी माहेराकडं जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून निघाले.

आणि इकडं तू काय करत होतास? वाफ्यांत मीठ तयार, पांढरंशुभ्र. दादा सांगतो, वारं फिरून असंच पूर्वेचं सुटलं तेव्हा त्यानं तुझे पाय धरले. "बा, आभाळ भरून येऊन राहिलं. उचलू दे ना." तू म्हणालास, "येऊन राहिली असन पोरगी. तिच्या हातानंच उचलू." अरे, एक कोपरा माझ्यासाठी ठेवून बाकीचं उचलायचं होतंस! कोणता देव रागावणार होता?

मी पोचते तेव्हा पाऊस थांबलेला आहे. तू चिखलात उभा आहेस, वाफ्यांत नुसतं गढूळ पाणी. मजुरांना मजुरी मिठातच मिळायची. मीठ गेलं तसे तेही वेचणीला निघून गेले. वाफ्यांचा तळ पुन्हा चोपून घट्ट करायला माणूस मिळाला नाही. पुढं आगगाडीनं समुद्राचं मीठ अकोल्याला येऊ लागलं आणि आपली विहीर बंद पडली ती पडलीच. लेकीपायी विहीर बुडाली, असं गाव आजही कुजबुजतं. तू मात्र मला एका शब्दानं बोलला नाहीस, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. उलट म्हणालास, "आली का माय? हात धू. मीठ नाई, तं पाणीच उचल." मी ओंजळभर खारट पाणी देवापुढं ठेवलं आणि तू समाधानानं हात जोडलेस. समाधानानं! त्या वेळी तुला गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

हे पत्र कुठं पाठवणार? उद्या चुलीत जाईल. पण तुला एक सांगायचं राहिलंय. वाटेत आभाळ भरून आलेलं मलाही दिसत होतं, बा. तरी गाडीत बसून मी देवाकडं एकच मागत होते, की बानं माझ्याआधी मीठ उचललेलं नसू दे.