शेजारी गेलेला पट्टा

९ सप्टें.
सुनंदाला सर्जनकडे दाखवलं. गर्भपिशवीच्या ऑपरेशनची जखम वरून भरलीय, आतले स्नायू उसवलेत. त्या फटीतून आतडं पुढे येतं. उभी राहिली की बेंबीखाली लिंबाएवढा फुगा, आडवी झाली की आत. इलाज एकच, पुन्हा पोट उघडून जाळी बसवणं. पण शुगर उतरल्याशिवाय हात लावणार नाहीत. तोवर पोटाला पट्टा, वजन उचलणं बंद.
बाहेर आल्यावर बाईसाहेब म्हणतात, "आडवं झालं की जातं ना आत? मग कशाला एवढा बाऊ?"

१४ सप्टें.
पट्टा लावून विहारात वंदनेला वाकता येत नाही, म्हणून काढून ठेवलाय. ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

२२ सप्टें.
पट्टा गायब. कपाट, गच्ची, दोरी, सगळीकडे शोधला. शेवटी कबुली. शेजारच्या पगारे वहिनींची कंबर धरली होती, त्यांना दिला! "नुसता पडून होता हो." आमच्या कॉलनीत शिडी, कुकर, इस्त्री, सगळं घरोघर फिरतं. पण पोटाचा पट्टा? कपाळाला हात लावला, मग हसूच आलं. परत मागायचा नाही, शपथ घातलीय. नवा आणायला हवा.

३० सप्टें.
शुगर उतरतेय. लवकरच तारीख देऊ म्हणाले. बरं वाटलं.
नवा पट्टा आणला, तोही खुंटीवर. फुगा आता मोसंबीएवढा, शिंकली तरी हात पोटावर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अख्खी नोकरी वाफेची गळती बंद करण्यात गेली. घरात काही चालत नाही माझं.

६ ऑक्टो.
विहारात वर्षावासाचा समारोप. खीर दरवर्षी सुनंदाचीच. पातेलं उतरवायला मला हाक मारायची, असं ठरलं होतं. मी बाहेर खुर्च्या मांडत होतो. खीर तळाला लागायला लागली, ही थांबली नाही, पातेलं एकटीनेच उतरवलं. "करपली असती हो," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.
आडवी केली. फुगा आत जाईना, दगडासारखा घट्ट. मग उलट्या. दवाखान्यात नेताना रिक्षा द्वारका चौकात अडकली. मी नुसता तिचा हात धरून...

त्याच दिवशी, दुपार
ऑपरेशनला आत नेलंय. डॉक्टर म्हणाले, "आतडं चांगलं असेल तर आत ढकलून जाळी लावू. काळं पडलं असेल तर कापावं लागेल, मग जाळीचं आत्ता सांगता येत नाही." सही केली. फार भीती वाटतेय.
पगारे वहिनी धावत आल्या. हातात पट्टा, धुऊन घडी केलेला. "भाऊ, मला काय माहीत हो! ताई म्हटली, जास्तीचा हाय. आज विहारातच देणार होते परत." मग हळूच, "लागंल ना आता तिला?"
त्यांच्या हातून घेतला.
पट्टा मांडीवर घेऊन बसलोय. साबणाचा वास येतोय. दार अजून उघडलं नाही.