महापौरांच्या पायाखालचा पाट

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून सुरुवात. आपल्या शहराच्या महापौरपदाचा समग्र इतिहास. चारशे पानं. रोज पाच, म्हणजे जानेवारीत पूर्ण. महापौर कार्यालयात मी चोवीस वर्षं काढली. नऊ महापौर आले आणि गेले, फायली मात्र मीच हलवत होतो. माझ्याशिवाय हे कोण लिहिणार?
ही म्हणाली, पाच वर्षं निवडणूक नाही, महापौरच नाही, दालनाला कुलूप आहे, वाचणार कोण? तिला सांगितलं, नेमका अशाच वेळी इतिहास लागतो. ती चहा ठेवायला गेली.

३ नोव्हेंबर
शीर्षक ठरलं. अर्पणपत्रिकाही झाली. पानं मोजायची तर दोन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
माजी महापौरांना फोन. पहिल्यांनी विचारलं, कोण टिपणीस? पाणी खात्यातले का? दुसऱ्यांना वाटलं मी क्रेडिट कार्डवाला. तिसऱ्यांचा पीए म्हणाला, मेसेज ठेवा. अकरा मिनिटं ठेवला. परत फोन नाही. बिझी माणसं आहेत, समजू शकतो.
यांच्या भाषणांत स्वल्पविराम कुणी घातले? मीच ना!

१२ नोव्हेंबर
प्लॅन रिवाइज केला. रोज एक पान. क्वालिटी महत्त्वाची.
हिने आज विचारलं, चोवीस वर्षांत त्यातल्या एकाने तरी तुम्हाला नावाने हाक मारली का? मी पेपर वाचत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. वाईट वाटलं पण.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
कोलशेतला जाऊन आलो. बायजाबाईंकडे. कोळीवाड्यातल्या, वय ऐंशीला टेकलेलं, आता मुलगी दक्षता हिच्याकडे असतात. आरक्षणाच्या सोडतीत यांच्या प्रवर्गाची चिठ्ठी निघाली आणि पक्षाकडे त्या प्रवर्गातली नगरसेविका एकच. दुपारपर्यंत मासळी विकत होत्या, संध्याकाळी महापौर.
कार्य काय केलंत म्हणून विचारलं. म्हणाल्या, काय करनार, सांगतील तिथं सही केली. आठवण एकच आहे म्हणाल्या. पहिली सभा. ती खुर्ची ही एवढी उंच, आणि माजं पाय लोंबकळत व्हतं. समोरचे नगरसेवक बघून हसायला लागले. रडू यायचं बाकी होतं. चहाची सुट्टी झाली, परत येऊन बसते तर पायाखाली पाट! कुणीतरी गुपचूप ठेवलेला. त्या एका माणसामुळं मी सभा रेटली, म्हणाल्या. पुढच्या सभेला पाट गायब. पण तो मानूस कोन ते कधी कळलं नाही. तू होतास ना रे दादा तिथं? तूच का तो?
मला चटकन आठवलं नाही. पण विचार केला, त्या ऑफिसात इतकं सुचणारा दुसरा होता कोण? हो म्हणालो.
बाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडल्या. मीही रडलो. कुणीतरी आपली आठवण ठेवली होती, तेवीस वर्षं!

१८ नोव्हेंबर
प्रकरण एकोणीस: 'पाट'. एका बैठकीत नऊ पानं! प्रकरण एक ते अठरा नंतर बघू.
आता सगळं लख्ख आठवतंय. पाट शिसवी होता. मी तो धोतराच्या... नाही, पँट होती. कोटाखाली लपवून नेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दक्षताचा फोन. ७ तारखेला आईचा ऐंशीवा वाढदिवस, गावच्या हॉलमध्ये. आईचा हट्ट आहे, केक नंतर, आधी त्या माणसाचा सत्कार. शाल-श्रीफळ. पुस्तकही तीच छापून देते म्हणाली. फक्त त्या सभेचा एखादा जुना कागद मिळाला तर बरं, फ्रेम करून आईला देऊ.
कागद? रेकॉर्ड रूममध्ये माझ्या नावाचे गठ्ठे असतील.

२४ नोव्हेंबर
रेकॉर्ड रूम. तिथला मुलगा म्हणाला, कुठले टिपणीस? अर्ज दिला. गठ्ठे जास्त असल्याने वेळ लागणार.

३ डिसेंबर, बुधवार
एक कागद मिळाला. चोवीस वर्षांत माझ्या सहीचा एकच.
उतरवून ठेवतो. 'सभागृहात मा. महापौरांच्या आसनाखाली विनापरवाना लाकडी पाट आढळून आला. सदर पाट कोणाच्या आदेशाने ठेवण्यात आला, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा. ह. टिपणीस, वरिष्ठ लिपिक.'
खाली निळ्या बॉलपेनने, वाकड्या अक्षरात: 'बाईंचे पाय टेकत नव्हते म्हणून घरून आणला. माफी असावी. मोरू, शिपाई.'
त्याखाली परत माझं अक्षर: 'सक्त ताकीद द्यावी. पाट जप्त करावा.'
अक्षर सुंदर आहे माझं.

४ डिसेंबर
नीट विचार केला. मेमो काढला म्हणून तर घटनेची नोंद झाली. नाहीतर तो पाट कुणाला कळला असता? त्या अर्थाने पाट माझाच.
ही म्हणाली, त्या मोरूला फोन करा आणि बाईंना खरं सांगा. सांगणार आहे. स्टेजवर, सगळ्यांसमोर. दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. चांगलं झालंय.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७
खिशात कागद होता. भाषणही होतं. बाई काठी टेकत पुढे आल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, या टिपणीसानं माजी लाज राखली. टिपणीस! माइकवर! नावानिशी!
अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. हीसुद्धा होती, ती वाजवत नव्हती.
मी माइकवर फक्त धन्यवाद म्हणालो.
दक्षताला सांगितलं, कागद मिळाला नाही. रेकॉर्ड भिजलं.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी १०
रात्रभर डोळा लागला नाही. मोरूला फोन लावला. दिवा स्टेशनजवळ असतो, नातवाकडे. उचलला आणि पहिलंच वाक्य, अभिनंदन साहेब, व्हॉट्सॲपवर फोटो आलाय, शाल शोभते तुम्हाला.
मी विचारलं, मोरू, तो पाट तू ठेवला होतास. आठवतं?
पाण्याचा टँकर आला होता त्यांच्याकडे, बायकांचा आरडाओरडा चाललेला. मग म्हणाला, कसला पाट साहेब? मला नाय आठवत. तुम्हीच ठेवला असणार. राहू द्या ना आता, बाई खूश आहेत. ठेवतो, हंडे लावायचेत.
तो खरंच विसरलाय की त्याने पाट मला देऊन टाकला, ते कळलं नाही. परत फोन करून विचारायची हिंमत झाली नाही.
आज एकही पान झालं नाही.