दुकान आणि दवाखाना यांमधलं दार

मी, आधी औषधांची दुकानदारीण आणि मागाहून डॉक्टर, वय वर्षे अडुसष्ट, माझ्या पश्चात मिळकतीची व्यवस्था लागावी म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री हवी असल्यास मुलाशी माझं चाललेलं भांडण ऐकावं.

१. राहतं घर मुलाला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तोही त्याचाच. दवाखान्याची खोली भाड्याने द्यायचं त्याच्या मनात आहे. ते मनातच ठेवावं.

२. धाकट्या दिरांना माझा पितळी तराजू. मी डॉक्टरकीला निघाले तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "वहिनी, पुड्या बांधता आल्या म्हणून नाडी कळत नसते." हे शब्द त्यांनी एकदा तोलून बघावेत. माझा राग गेला असं म्हणणार नाही. पुष्कळ उतरला आहे.

वास्तविक मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. दुकानात बायका विचारायच्या, "ताई, पोराचा ताप हटत नाही, काय करू?" आणि मी म्हणायची, "डॉक्टरांना दाखवा." डॉक्टर नदीपलीकडे. हेच सांगून सांगून मी विटले. शेवटी हे म्हणाले, "मग तूच हो की!" आणि घर त्यांनी अंगावर घेतलं. आज ते असायला हवे होते.

३. दुकान व दवाखाना, मधल्या दारासकट, सुनेला. दार बुजवू नये. चिठ्ठी लिहून झाली की मी त्या दाराने दुकानात जाते आणि परक्या डॉक्टरची असल्यासारखी ती तपासते. एकदा मलाच पटली नाही. मी पेशंटला म्हटलं, "डॉक्टरांना विचारून या." तो बिचारा रस्त्याने वळसा घालून दवाखान्यात आला, तोवर मी खुर्चीत हजर. म्हणाला, "बाई, तुम्ही मला तुमच्याकडे पाठवलंय." मी गोळी बदलून दिली. सुनेनेही असंच करावं.

४. सून फार्मासिस्ट आहे. यंदा तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. मुलगा म्हणाला, "या वयात? पोरीची शाळा आणि दुकान कोण बघणार?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "राहू दे, आई." ते मला सोसलं नाही. मी तिच्या फीची तरतूद इथे लिहिली, तर वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

मग तिने तोवर ताटकळत बसायचं? आणि मला तर एवढ्यात जायचं नाही. सबब तरतूद रद्द. फी भरून टाकली आहे. नातीला शाळेत तिचा बाप सोडील. कुरकुरला, पण कबूल झाला. फार्मासिस्ट म्हणून माझी नोंदणी अजून चालू आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

साक्षीदार : समोरचा शिंपी, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका.
ठिकाण : औषधांच्या दुकानाचा काउंटर.
दिनांक : सून पहिल्यांदा कॉलेजला गेली तो सोमवार.

सही : दुकानदारीण. डॉक्टर संध्याकाळी भेटतील.