रस्त्याच्या टोकाचा खिळा

प्रिय अंजे,

फोन करणार होतो, पण इथं दुष्काळाच्या चारा छावणीत कुणी फोनवर बोलायला लागलं की आजूबाजूच्या चार दावणी कान टवकारतात, आणि तुझी आई तर हाकेच्या अंतरावर असते. म्हणून लिहायला बसलो. आई बरी आहे, दोन्ही गाई अजून उभ्या आहेत. पाऊस नाही. टँकर येतो, कधी येत नाही. बाकी ठीक. मी मात्र थकलोय गं. कामानं नाही, वाट बघून.

तू घर सोडलंस त्या दिवसापासून आईनं तुझं नाव घेतलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. तिनं तिच्या भावाच्या पोरासाठी तुझ्या लग्नाचा शब्द दिला होता, तू नाही म्हणालीस आणि पिशवी उचलून चित्रकला शिकायला औरंगाबादला निघालीस. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "गेलीस तर परत तोंड दाखवू नको." तूही तिचीच लेक, खरंच दाखवलं नाहीस. माझं तेव्हापासून इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी.

तर बातमी अशी की आपल्या दूध संघाला पंचवीस वर्षं झाली. दूध आटलंय, पण समारंभ काही आटत नाही. चेअरमन सुंदररावांनी मला बोलावून संघाची समोरची भिंत दाखवली. "आप्पा, सगळ्या गावांचा देखावा पाहिजे. हिरवागार." मी बाहेर बघितलं, तर करड्या रंगाशिवाय काही दिसेना. तरी हिरव्याचे डबे आणले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला एवढी मोठी भिंत पुन्हा कोण देणार?

काम तू शिकवलंस तसंच केलं. तुला आठवतं, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळी तू आपल्या घराच्या पांढऱ्या भिंतीत खिळा ठोकलास, त्याला गेरूत बुडवलेली सुतळी बांधलीस आणि मला म्हणालीस, "आप्पा, सगळ्या रेघा या खिळ्यात जाऊन मिळू द्या, मग बघा." तू एक टोक धरायचीस, मी सुतळी ताणून टणकन सोडायचो. रेघांवर रेघा उमटल्या आणि भिंत आत आत जायला लागली. आई ओरडली होती की घराला भोक पाडलं. मी मात्र बघतच राहिलो. इतकी वर्षं मी भिंतीवर नुसती अक्षरं चिकटवत होतो, तू तिच्यात वाट काढलीस.

इथंही मधोमध खिळा ठोकला. रस्ता काढला, दोन्ही बाजूंना बाभळी, जवळची गावं मोठी, लांबची बारकी. झालं! संघाच्या पुढच्याच सभेत सभासद बबनराव उठले. त्यांचं गाव पार डोंगराच्या पायथ्याला, म्हणून चित्रात करंगळीच्या नखाएवढं. "संघात एका गावाला एक मत हाय. मग आमचंच गाव मुंगीवानी कावून? आमचं दूध पातळ हाय व्हय?" मी त्यांना छावणीत नेलं, जनावरांच्या लांबलचक रांगेच्या तोंडाशी उभं केलं आणि विचारलं, शेवटची म्हैस केवढी दिसते? ते म्हणाले, "दिसती बारकी. पर हाय तर मोठीच न्हवं? मग हाय तशी काढा की." रीतसर ठराव झाला, सूचक, अनुमोदक, सगळं: सर्व गावे समान आकाराची काढावीत.

मग मी सगळी गावं पुसली आणि भिंतीच्या खालच्या अंगाला एका ओळीत मांडली, पंगतीला बसवल्यासारखी. बबनराव खूश. रस्ता तेवढा वाचला, कारण तो कुणाच्याच गावचा नव्हता.

पण गावं पुसताना रस्त्याच्या रेघाही पुसट झाल्या. त्या नव्यानं मारायच्या होत्या आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. एके दिवशी आई शेण काढून, हात धुऊन मुकाट्यानं आली आणि तिनं टोक धरलं. तुझ्यापेक्षा घट्ट धरते, सांगून ठेवतो. रोज यायला लागली. एक शब्द नाही, नुसती सुतळी.

परवा काम संपलं. खिळा उपटला तर भोक राहिलं, अगदी रस्ता संपतो तिथं. सुंदरराव म्हणाले चुना भरा. मी भरला, पण डाग दिसायला लागला, म्हणून त्यावर ब्रशाचं टोक टेकवून पिवळा ठिपका दिला. तू निघालीस तेव्हा अंगावर पिवळा ड्रेस होता. कुणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर तो ठिपका कुणाला दिसणार, असं मला वाटलं.

आईला दिसला. सुतळी गुंडाळता गुंडाळता ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंजी येतीया का जातीया?"

अंजे, इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून तुझं नाव ऐकलं आणि मला रडू आलं. इतक्या लांबचं माणूस येत असो की जात असो, दिसतं सारखंच. मी म्हणालो, तिलाच विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. मी तिला काय सांगू? येणार असशील तर आष्टीच्या गाडीनं ये आणि फाट्यावरच उतर, रिक्षा करू नको, चालत ये. संध्याकाळी आई छावणीच्या तोंडाशी बसते, तिथून फाट्यापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. तू मोठी मोठी होत येताना तिला दिसू दे.

तुझाच,
सुतळी ताणून उभा असलेला
आप्पा