भाईकडे कुणाचं येणं असेल तर

१० ऑक्टोबर १९९७, शुक्रवार
जुम्म्याच्या नमाजानंतर भाईला दफन केलं. काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

जनाज्याच्या नमाजाआधी धाकटा भाऊ म्हणून मलाच पुढे उभं राहावं लागलं. "माझ्या भावाकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा. ते आता माझ्यावर. नाहीतर अल्लाच्या वास्ते माफ करा." प्रत्येक मय्यतीला विचारतात. येणं राहिलं तर गेलेल्याची रूह अडकते. पण आज समोर प्रत्येक रांगेत वाशीच्या कंपनीत बुडालेली माणसं. बंदराला गेलेल्या जमिनीचे पैसे, दामदुप्पट होणार म्हणून भाईनेच गोळा करून भरलेले. मागच्या महिन्यात कंपनीला कुलूप.

कुणी येणं सांगितलं नाही. एकही नाही. फक्त एक म्हातारा खोकला.

१२ ऑक्टो., रवि.
हिरामावशी आली. जासई नाक्यावर मासळी विकते, आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखते. पायरीवर बसली.
"तू आत इचारलंस म्हनं. आमी भायेर रस्त्यावर उभे. आमाला कोन इचारनार?"
वाटलं, आता सुरू झालं. म्हटलं, "मावशी, तुमचे किती?"
"किती नको इचारू. आत इचारलंस तसाच इचार."
उभा राहिलो, सगळं परत म्हटलं. तिने डोक्यावर पदर घेतला. "माफ केला." मग लगेच, "आता भाभीला चाय टाकायला सांग. दूध घालून. तुमच्याकडं पानीच पाजतात."
तिच्याकडे बघवेना.

१३ ऑक्टो.
संध्याकाळी तिच्या पाड्यावरची माणसं अंगणात. हिंदू सगळी, काल तिने जाऊन सांगितलेलं. पुन्हा विचारलं. एकेक जण माफ म्हणून गेला, जसं काही चहाचे पैसे सोडतायत. दामूकाका तेवढे अडले. "मी माफबीफ करनार नाय. त्या कंपनीवाल्या शेठचा गळा धरीन. पन तुझ्या भावाला कोन चोर बोलला तर त्याचाबी धरीन."
जाता जाता म्हणाले, हिरीने पैसे सगळ्यांच्या शेवटी दिले, तिला सांगत होतो थांब.
ही माणसं कशाची बनलीत?

१९ ऑक्टो., रवि.
नेरूळला प्रकाशच्या घरी. कंपनीत हिशेब बघायचा, भाईचा दोस्त. दार लावून घेतलं, मग बोलला.
"युसूफभाईंना मी गणपतीच्या आधीच सांगितलं होतं. शेठ गाशा गुंडाळतोय. तुमचे काढा, नवीन कुणाचे घेऊ नका."
"मग तरी नवीन घेतले त्याने?"
"ते नाही माहीत. गणपतीनंतर मला आत बसूच दिलं नाही."
परत येताना रिक्षावाल्याला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

२१ ऑक्टो.
कळल्यावरही घेतले असतील तर ते बुडणं नाही. फसवणं. आणि मी सगळ्यांकडून माफी घेऊन बसलोय. काय माफ करतायत ते त्यांना माहीत नको?
कंपनीचे कागद सगळे पोलिसांकडे. भाभीला विचारलं, त्याने गणपतीनंतर घेतले का. इद्दतीत आहे, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस आतल्या खोलीतच. "मला व्यवहारातलं कळत नाही," म्हणाली, आणि भिंतीकडे पाहिलं.

२६ ऑक्टो., रवि.
जासई. हिरामावशी बोंबील साफ करत होती. प्रकाश जे बोलला ते सगळं सांगितलं. हात थांबला नाही तिचा.
"मावशी, तुम्ही दिले ते गणपतीच्या आधी की नंतर?"
"मना ठावं हाय."
"मग सांगा."
"नाय सांगनार."
"नंतर दिले असतील तर तुमची माफी मी परत करतो. तुम्हाला माहीत नव्हतं—"
"मी काय येडी हाय? समजूनच बोलले. माफ केला तो केला. परत काट्यावर घालायला मासली हाय काय?" मग चिडून, "हो बाजूला, गिऱ्हाईक उभा हाय."
बाजूला झालो. गिऱ्हाईक गेलं तरी तिथेच. तिने वर पाहिलं नाही.
एवढं मोठं काही मी माणसात पाहिलं नव्हतं. त्याची भीतीही वाटते.

२ नोव्हेंबर, रवि.
आठवडाभर कामावर गेलो, आलो. दामूकाकांना विचारलं तर ते दिवस सांगतील, नक्की. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो.
आज भाभीला जासईचं सांगितलं. दाराआडून ऐकत होती.
"हिरामावशीने दिवस सांगितला?"
"नाही."
मला वाटलं आत गेली. मग दाराआडूनच, अगदी हळू:
"अन्वर, तू मला परत विचारणार आहेस का?"
तिचा हात दाराच्या कडेवर दिसत होता. बांगड्या नसलेला.
अजून विचारलेलं नाही.