खालच्या आजींची हाक

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि मीही चौथीच शिकले, तरी लिहितेय. तू गेलीस तेव्हा मी पाच वर्षांची होते. आता मी बॉस्टनला असते, अमेरिकेत, आणि मला एक मुलगी आहे. अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. मला फार भीती वाटते गं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होतोय, घरात फक्त इंग्लिश बोला. घरी आल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस ना? मराठी बंद." हे फॅक्टरीत जातात, दिवसभर आम्ही दोघीच. ऐकलेलं इंग्लिश मला बरंचसं कळतं, पण बोलायला येतं ते किती? कम. सिट. ईट. डोन्ट टच. सगळे हुकूमच. पोरगी झोपून उठली की माझ्या गालाला गाल लावते, आणि मला काही म्हणताच येत नाही. मग मी गप्पच राहायला लागले. आता तीही माझ्याकडे कमी बघते, टीव्हीकडे बघते.

खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात, मूळच्या आयर्लंडच्या. मी कपडे धुवायला तळघरात गेले की त्या पोरीला मांडीवर घेतात आणि म्हणतात, "अ खुश्ला." एकदा मी विचारलं, हे काय इंग्लिश? त्या हसल्या. "इंग्लिश कसलं! माझ्या आईची भाषा." मग माझं मनगट धरलं आणि शिरेवर बोट ठेवलं. ही. नाडी. तिकडे हिला कुश्ला म्हणतात, आणि जमिनीतून पाण्याची बारीक धार निघते ना, तिलाही तेच म्हणतात. हाक मारायची तर पुढे 'अ' लावायचा, मग 'क' मऊ होऊन घशातून 'ख' येतो. मी मोडकंतोडकं म्हटलं, आमच्यातही लेक असते, हाक मारताना ती लेकी होते. त्यांना हे इतकं आवडलं की दोनदा म्हणायला लावलं.

पाण्याची धार म्हटल्यावर मला तू दिसलीस. नदी आटलेली, तू वाळूत झिरा उकरतेस आणि करवंटीनं पाणी भरतेस. मी मध्येच हात घालते. तू ओरडतेस, "थांब की, गढूळ होतंय!" आणि मग ओल्या हातानं माझं तोंड पुसतेस. तुझं एवढंच आहे माझ्याकडे.

आजींनी विचारलं, "वरून तुझा आवाज येत नाही हल्ली. पोरीशी बोलत का नाहीस?"

"डॉक्टर नो."

"डॉक्टर येते का तिला निजवायला?" मग हळूच म्हणाल्या, शाळेत आमची भाषा बोललं की मार बसायचा. इथे येऊन मोठ्या घरांत मोलकरीण झाले, मुलांना इंग्लिशमध्येच वाढवलं. सगळी भाषा गेली, हा एक शब्द राहिला. मुलं फोन करतात, पण त्यांना तो कळत नाही.

मग म्हणाल्या, "तुझी आई तुला काय म्हणायची? तेच म्हण हिला."

मी म्हटलं, "साय. माझी साय." दुधावरची, हे हातानं दाखवलं. आजी पोरीला म्हणाल्या, "साय!" अगदी वेडावाकडा उच्चार. पोरीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. बोलली नाही. पण बघितलं.

हे गेले की आता मी दिवसभर मराठी बोलते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पोरगी अजून गप्पच आहे, पण साय म्हटलं की धावत असली तरी थांबते. आजी सगळ्यांना सांगतात, हा हिच्या आजीचा शब्द आहे.

तो तुझा नाही गं. तू मला काय म्हणायचीस ते मी खूप आठवून बघितलं, येत नाही. वडिलांना विचारावं तर तेही गेले. आजींसमोर मला 'आठवत नाही' असं म्हणवलं नाही, तोंडाला आलं ते बोलले. पोरीला मी तो तुझाच म्हणून सांगणार आहे.